नीलोची चड्डी, तौनोचा खुबा

कोइवुसाल्मी गावाच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये तौनो हिर्वासोयाने नावं ठेवली नाहीत अशी वस्तू शोधूनही सापडली नसती. तोंडावर जाळी लावून खेळणारे त्याच्या मते दाताच्या डॉक्टरला घाबरलेले. हलक्या नव्या स्टिका म्हणजे सूप ढवळायचे चमचे. सामन्याआधी केळं खाणारा कुणी दिसला, तर तो त्याच्यासमोर उभा राहून केळं संपेपर्यंत बघत राही, आणि मग काही न बोलता निघून जाई. पण ही सगळी किरकोळ उधारी. त्याच्या तुच्छतेचं खरं भांडवल एकाच गोष्टीसाठी राखून ठेवलेलं होतं. अलीकडची पोरं खेळताना पोशाखाच्या आत घालतात ती कमरेपासून गुडघ्यापर्यंत आवळून बसणारी काळी चड्डी, जांघ आणि खुबा दुखू नये म्हणून घेतलेली. तौनो तिला बाळंतिणीचा पट्टा म्हणे.

तरुणपणी तो स्वतः या गावाच्या संघाचा बचावपटू होता. दिवसा कागदाच्या गिरणीत काम, संध्याकाळी बर्फ. संघ वरच्या विभागात जाणार की नाही हे ठरवणाऱ्या सामन्याच्या आधी त्याच्या जांघेत काहीतरी तुटलं. तेव्हाचे कोच लेमेत्ती यांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, त्याच्या मांडीला आणि कमरेला करकचून गुंडाळली आणि त्याला बर्फावर ढकललं. तौनो शेवटपर्यंत खेळला. संघ जिंकला, वर गेला आणि पुढच्याच हिवाळ्यात गपगुमान खाली आला. राहिली ती ट्यूब. क्लबच्या काचेच्या कपाटात, करंडकाच्या शेजारी, एखाद्या संताच्या अस्थी ठेवाव्यात तशी ती ठेवलेली होती. तौनो कोच झाल्यापासून दर वर्षी मोसम सुरू होताना नव्या खेळाडूंना त्या कपाटापुढे उभं करी आणि गोष्ट सांगे. गोष्टीत दर वर्षी रक्त थोडं वाढत असे.

गोष्टीत जे येत नसे ते गावाला न सांगता दिसत होतं. ती जांघ कधी धड बरी झालीच नाही. मग त्या बाजूचा खुबा गेला. साठीला टेकलेला तौनो बाकावरून उठताना आधी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवी, मग दात आवळी, मग अंग एका बाजूला झोकून देई, आणि उभा राहिल्यावर असा चेहरा करी की जणू त्याला तसंच उठायचं होतं. वाकता तर येतच नव्हतं. रोज सकाळी त्याची बायको सिर्क्का शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाण्याआधी त्याच्यासमोर स्टुलावर बसे आणि त्याला मोजे घाली. हा पराक्रमी पुरुष पाय पुढे करून रेडिओवरच्या बातम्या ऐकत बसे. या विधीबद्दल घराबाहेर चकार शब्द काढायचा नाही असं दोघांत न बोलता ठरलेलं होतं.

संघाचा गोलरक्षक नीलो. बापाच्या बेकरीत पहाटेपासून उभा असणारा, कमी बोलणारा, पिठासारखा पांढरा माणूस. गोलरक्षकाला दोन्ही गुडघे आत घेऊन पाय बाहेर फेकत बर्फावर बसावं लागतं, आणि तेही सामन्यात शेकडो वेळा. त्याची जांघ ठणकायला लागली, मग खुबा. आरोग्यकेंद्रातल्या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी त्याला साफ सांगितलं होतं की चड्डीने काही बरं होत नाही. ती स्नायूंना आधार देते, गरम ठेवते, ठणका कमी जाणवू देते, इतकंच. बरं व्हायचं तर गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबायचा, रोज, आणि कळ आली की थांबायचं. नीलोने दोन्ही गोष्टी केल्या. चड्डी नीट माप देऊन घेतली, आणि कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर बाकावर बसून गुडघ्यांत चेंडू दाबायला लागला.

तौनोला ती चड्डी पहिल्यांदा खुंटीवर टांगलेली दिसली. त्याने ती हातात घेतली नाही. स्टिकच्या टोकाने उचलली आणि मेलेला उंदीर दाखवावा तशी खोलीभर फिरवली.

"कोण बाळंत झालं रे?" त्याने विचारलं. "मुलगा की मुलगी?"

खोली हसली. कोच हसवतो तेव्हा हसायचं असतं, नाहीतर पुढचा विनोद आपल्यावर होतो, एवढी अक्कल प्रत्येकाला होती. नीलो म्हणाला, माझी आहे, आणि हात पुढे केला.

त्यानंतर रोज तेच. नीलो चेंडू दाबायला लागला की तौनो त्याला कळा कितीवर आल्या ते विचारी. नीलो सरावाला उशिरा आला की बाळाला पाजून आलास का म्हणे. संघातल्या आणखी दोघातिघांच्या जांघा कुरकुरत होत्या, त्यांनाही चड्डी घ्यायची होती. पण कोचच्या जिभेपेक्षा जांघेतली कळ बरी, असा हिशोब करून ते गप्प बसले. त्यांत एतू होता. हा दुसरा गोलरक्षक. जंगलात झाडं तोडण्याचं अवजड यंत्र चालवायचा, अंगाने अस्वल, मनाने ससा. तौनोने शाबास म्हणावं यासाठी त्याने भिंतीलाही धडक दिली असती.

एका संध्याकाळी तौनोने सगळ्यांना पुन्हा काचेच्या कपाटापुढे नेलं आणि नीलोकडे बघत ट्यूबची गोष्ट सांगितली. संपल्यावर नीलोने शांतपणे विचारलं, "कोच, लेमेत्तींनी ट्यूब कशाला गुंडाळली होती?"

"जांघ जागेवर राहावी म्हणून."

"मग ही चड्डी वेगळं काय करते?"

तौनो म्हणाला, फरक असा की ट्यूब बांधून पुरुष खेळत होते. पुन्हा हसू झालं, पण पातळ. नीलो हसला नाही आणि रागावलाही नाही. "तुम्ही बाकावरून उठता ते मी रोज बघतो," तो म्हणाला. "ते बघूनच मी ही घेतली."

आता कुणीच हसलं नाही. तौनोला काहीतरी जबरदस्त बोलायचं होतं, आयुष्यभर तो त्याच कलेवर जगला होता.  पण जिभेवाल्या माणसाची जीभ गेली की मागे फारसं काही उरत नाही. त्याने सूड तेवढा घेतला. शेजारच्या पुरोला गावाविरुद्धच्या सामन्यात नीलोला बाकावर बसवलं आणि एतूला गोलमध्ये उभं केलं.

एतूने पहिला भाग झकास काढला. दुसऱ्या भागात एक चकती उजवीकडून आली, त्याने पाय फेकला, आणि तो तसाच फाकलेल्या पायांनी पडून राहिला. ओरडला नाही. ओरडायला तो घाबरत होता. चौघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. मागाहून कळलं की आठवडाभर त्याची जांघ सुजलेली होती. कुणाला कळू नये म्हणून तो सरावानंतर सगळे जाईपर्यंत कपडेच बदलत नव्हता.

तौनोने नीलोकडे न बघताच मानेने खूण केली. नीलो आत गेला, उरलेला सामना खेळला, आणि संघ हरला. सामन्यानंतर नीलोने आपलं सामान एका पिशवीत भरलं. पुढच्या महिन्यापासून आपण पुरोलाकडून खेळणार, त्यांनी कधीचंच विचारलं होतं, एवढं त्याने क्लबच्या अध्यक्षांना सांगितलं. तौनोला काही सांगितलं नाही. तौनोने ते दारामागून ऐकलं आणि गाडीत बसताना स्वतःशीच म्हटलं की बरं झालं, घाण गेली. गाडीत बसायला त्याला नेहमीसारखाच बराच वेळ लागला.

एतूची मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात सिर्क्काच्या शेजारी बटाटे सोलत असे. बटाट्यांबरोबर तिने सगळी हकीकतही सोलून सिर्क्कापुढे ठेवली, चेष्टा, बाळंतपण आणि नीलोचं वाक्य यांसकट.  दुसऱ्या दिवशी सकाळी तौनो खुर्चीत बसला, पाय पुढे केला, रेडिओ लावला. स्टूल रिकामंच राहिलं. सिर्क्का दारात कोट घालून उभी होती.

"मोजे," तौनो म्हणाला.

"एतूची आई कालपासून त्याला मोजे घालते," सिर्क्का म्हणाली. "तुझं घराणं पुढे चाललंय म्हणायचं. तुझे तू घाल."

ती गेली. तौनोने प्रयत्न केला. मोजा जमिनीवर पसरून त्यात पाय सरकवायचा, चिमट्याने धरायचा, पलंगावर उताणं पडून पाय वर घ्यायचा. शेवटी तो अनवाणी पायांनी रबरी बुटांत शिरला आणि नोव्हेंबरच्या चिखलात बाहेर पडला. पुढचे कितीतरी दिवस तो तसाच हिंडला. बर्फावर उभा राहून पोरांना मर्दानगी शिकवणाऱ्या या माणसाच्या पायाची बोटं बुटांत निळी पडत होती. लोकांनी बघितलं नाही असं दाखवलं. इकडच्या लोकांना ते छान जमतं.

मग एक दिवस तो गाडी घेऊन लांबच्या मोठ्या शहरात गेला, जिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. खेळाच्या दुकानातल्या मुलीला त्याने सांगितलं की पुतण्यासाठी चड्डी हवी आहे, जांघेसाठी असते ती. पुतण्याचं माप काय, तिने विचारलं. तौनोने स्वतःच्या तिशीतलं माप सांगितलं. इतर अनेक गोष्टींप्रमाणे आपल्या कमरेच्या बाबतीतही तो तिथेच थांबलेला होता. मुलीने त्याच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पुतण्यासाठी शुभेच्छा दिल्या.

घरी सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत, दार लावून, त्याने ती घालायला घेतली. अशी चड्डी घालायची तर आधी वाकावं लागतं, हा साधा विचार त्याने केलाच नव्हता. काठीच्या टोकाने ओढत, भिंतीला टेकत त्याने ती कशीबशी गुडघ्यांच्या वरपर्यंत आणली आणि तिथे ती बसली. वर जाईना, खाली येईना. पाय एकमेकांना बांधल्यासारखे झाले. तो हळूच बाकावर कलंडला आणि घाम पुसत पडून राहिला. हाक मारायला त्याने बराच वेळ घेतला. सिर्क्का कामावरून आली तेव्हा त्याने तिचं नाव घेतलं, पण इतक्या हळू की तिला दोनदा ऐकावं लागलं.

तिने दार उघडलं, बघितलं, आणि समोरच्या बाकावर बसली. आधी तिने तोंडावर हात धरला, मग सोडून दिला. ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या हसण्यात माया अजिबात नव्हती असं नाही, पण फार नव्हती. हसू आवरल्यावर तिने विचारलं, "यातून बाहेर काढू की आत घालू, ते सांग."

"बाहेर," तौनो म्हणाला.

साबणाचं पाणी ओतून तिने ती ओढून काढली. मग तिथेच बसून म्हणाली की उद्या डॉक्टरकडे जायचं, नाहीतर ही गोष्ट ती बटाटे सोलताना सांगेल. धमकी लागू पडली. डॉक्टरने फोटो काढला आणि दाखवला. खुब्याचा सांधा झिजून हाडावर हाड घासत होतं. चड्डीचा आता उपयोग नाही, तो म्हणाला. ती ज्यांचं अजून वाचवायचं शिल्लक आहे त्यांच्यासाठी असते, तुमचा खुबा बदलावा लागेल. तौनोने विचारलं की जांघेच्या दुखण्याकडे तेव्हाच बघितलं असतं तर. डॉक्टर तरुण होता, भिडस्त नव्हता. कदाचित, तो म्हणाला.

शस्त्रक्रियेची तारीख येण्याआधी तौनो एकदा एतूच्या घरी गेला. सिर्क्काने ती चड्डी धुऊन, घडी घालून पिशवीत दिली होती. एतूची आई कॉफी आणि वेलचीचा पाव ठेवून खोलीतून निघून गेली, तौनोबरोबर बसायची तिची इच्छा नव्हती. तौनोने एतूला झाडतोडीच्या यंत्राबद्दल विचारलं, डिझेलच्या वापराबद्दल विचारलं, लाकडाच्या भावाबद्दल स्वतःचंच मत तीनदा सांगितलं. चूक झाली, असं म्हणायला तो आला होता. ते दोन शब्द त्याने पावाबरोबर गिळले. निघताना पिशवी दाराजवळच्या टोप्या ठेवायच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, "हे सिर्क्काने चुकून आणलं. माझ्या काही कामाचं नाही."

एतूने आत डोकावून पाहिलं. "चुकून?" तो म्हणाला.

"एकदा फिजिओ बाईंकडे जा. चेंडू दाबायला सांगतात म्हणे," तौनो म्हणाला आणि दार शोधू लागला. माफी म्हणून त्याच्याकडून एवढंच निघालं, आणि एतू इतका भोळा की त्याला ते पुष्कळ वाटलं.

वसंतात तौनोचा खुबा बदलला. त्याच काळात क्लबने कोचही बदलला, त्याला आधी न विचारता. शाळेत खेळ शिकवणारी एक बाई आली. तिने पहिल्याच आठवड्यात कपाटातून ट्यूब काढून त्या जागी लहान मुलांच्या संघाचा फोटो लावला. ट्यूब कुठे गेली ते तौनोने विचारलं नाही. घरी मात्र तो त्या बाईच्या शिट्टी फुंकण्यालाही नावं ठेवत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात पुरोलाचा संघ कोइवुसाल्मीला खेळायला आला. तौनो सिर्क्काबरोबर लाकडी बाकांवर बसला होता. नवा खुबा छान चालत होता आणि जुनी जीभ त्याहून छान. खेळाडू सामन्याआधी अंग ताणत होते, कोइवुसाल्मीच्याही बहुतेकांच्या पोशाखाखाली ती काळी चड्डी होती. तौनो म्हणाला की हे सगळं प्रसूतिगृह झालंय. सिर्क्का म्हणाली, सॉसेज खा आणि गप्प बस. पुरोलाच्या गोलमध्ये नीलो होता. त्याने डाव्या कोपऱ्यात जाणारी एक चकती पायाने अशी अडवली की घरच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. तौनोचेही हात वर आले होते, पण सॉसेज धरलेलं असल्याने त्याला निमित्त मिळालं.

सामन्यानंतर नीलो पिशवी खांद्यावर घेऊन बसकडे जाताना त्याच्यासमोरूनच गेला. थांबला.

"खुबा कसा आहे?" त्याने विचारलं.

"आहे," तौनो म्हणाला.

नीलो आणखी थोडा वेळ उभा राहिला, तौनोच्या तोंडून आणखी काही येतंय का बघत. तौनोने सॉसेजचा कागद चुरगळून खिशात घातला. त्याने सिर्क्काला मानेने निरोप दिला आणि बसमध्ये चढला.