हसनाबादच्या आभाळात अडकलेलं विमान

माझे दाजी पुंजाराम यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर थेट विमानाला हात घातला. विमान अर्थातच कॉम्प्युटरवरचं. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. कुणी ‘खेळ’ म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो आणि जेवताना ते दुसरी भाकरी घेत नाहीत. हा कॉम्प्युटर त्यांना मीच दिला, ही माझ्या हातून घडलेली मोठी चूक. राजूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचा जुना पण तगडा डबा विकायला आला होता, चांगल्या ग्राफिक्स कार्डासकट. दाजी म्हणाले, मला दे. बहिणीचा नवरा, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून त्यांच्या गावाहून, हसनाबादहून, आठवड्यात चारदा फोन येतो आणि पहिला शब्द ठरलेला असतो: ‘अडकलं.’

अडकलं म्हणजे विमान झटके खायचं. नीट चाललेलं चित्र एकदम थांबायचं, टुणकन पुढं जायचं, पुन्हा थांबायचं. एरवी मी म्हटलं असतं, थांबू द्या, आत कोण बसलंय? पण या वेळी त्या विमानावर माझ्या बहिणीचं जाणं-न जाणं ठरणार होतं.

भाची तृप्ती बंगळुरात नोकरीला, नवराही तिथंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, तुळजाबाईनं, डिंक-खोबरंसुद्धा आणून ठेवलं होतं. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तृप्तीला सांगितलं, प्रवास बंद. मग माहेरालाच तिकडं जाणं भाग होतं. रेल्वेचा लांबचा प्रवास आक्काच्या कमरेला झेपणारा नव्हता. तृप्तीनं संभाजीनगरहून सुटणाऱ्या विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली आणि आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा लेकीला नाही म्हटलं. वर गेलेलं खाली येईल याची ग्यारंटी कोण देणार, असं तिचं म्हणणं. तृप्ती फोनवर रडली. तू नसलीस तर मी काय करू, एवढंच म्हणत राहिली. आक्का फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तेव्हा दाजींनी जाहीर केलं की तिची भीती ते घरच्या घरी मोडतील. संभाजीनगर ते बंगळूर, रोज एक खेप, आक्काला शेजारच्या खुर्चीत बसवून. कल्पना वाईट नव्हती. पण विमान उडालं की दहा मिनिटांत झटके सुरू. बीडच्या आसपास ते आभाळात गच्च उभं राहायचं. आक्का तोंडाला पदर लावून बघायची आणि उठून जायची.

“इमान मधीच थांबतं, हे तुम्हीच दावून राह्यले,” ती एकदा म्हणाली.

मी जमेल ते केलं. आधी ढग काढले. मग सावल्या काढल्या, झाडं काढली. खालच्या रस्त्यावरच्या गाड्या काढल्या तेव्हा दाजींचा जीव तुटला, कारण रिकामा रस्ता त्यांना बघवत नाही. शेवटी खाली नुसतं सारवलेलं अंगण दिसायला लागलं, तरी विमान अडकायचं ते अडकायचंच. हाच डबा दुकानात आणला की मात्र दोन-दोन तास बिनतक्रार चालायचा. डॉक्टरसमोर नेलं की लेकराचा खोकला थांबतो ना, तसलीच गत. घरी विजेचा दाब कमी असेल म्हणून मी स्टॅबिलायझर बसवला. फरक शून्य. वर दाजी मला ऐकवायचे की डेपोतला मेकॅनिक असता तर एव्हाना गाडी लाइनीवर असती. तिकिटाच्या तारखेला सहा दिवस उरले होते आणि माझं डोकं फिरायच्या बेतात होतं.

अशात हसनाबादच्याच एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर बघायला गेलो आणि फोन न करताच दाजींच्या घराकडं वळलो. दाजी विमानात होते. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये पुरता गुंडाळलेला होता. कडेनं सोनेरी झालर, मागं वायरींपुरतं भोक. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या वसंताला माप देऊन हे कव्हर खास शिवून घेतलेलं. शेजारी मक्याची मळणी चालू होती, ती धूळ आत जाऊ नये म्हणून खालून नाडीसुद्धा आवळलेली. मी वरून हात ठेवला आणि लगेच मागं घेतला. आतले पंखे बिचारे गरगरत होते, पण तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा गिळत होते. डबा फार तापला की स्वतःला वाचवायला काम हळू करतो, हे मी दुकानात रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो.

हे कव्हर मला आजवर दिसलं कसं नाही, असं मी विचारलं. दाजींनी मान ताठ केली.

“मेकॅनिक यायच्या आधी बॉनेट उघडून ठेवायचं आसतं,” ते म्हणाले. “एकतीस साल हीच शिस्त पाळली.”

म्हणजे मी निघालो असा फोन केला की हे नाडी सोडून कव्हराची घडी कपाटात ठेवायचे, आणि माझी पाठ फिरली की पुन्हा चढवायचे. माझे पाच आठवडे या शिस्तीपायी गेले. नात्यानं दाजी नसते तर मी काय बोललो असतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कव्हर काढलं, डबा भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, जाळीवर ब्रश मारला. ढग, सावल्या, झाडं, गाड्या, सगळं परत टाकलं. आक्काला बोलावलं. विमान संभाजीनगरहून उठलं ते बंगळुरात टेकेपर्यंत एकदाही अडखळलं नाही. आक्का लसूण सोलता सोलता सगळा वेळ बघत होती. विमान टेकल्यावर म्हणाली की बॅगा भरायला घेते. मला इतका आनंद झाला की मी लगेच तृप्तीला लावायला फोन काढला.

दाजी म्हणाले, थांब. त्यांना बंगळुरातल्या इमारती थोड्या थरथरल्यासारख्या वाटल्या होत्या. एक बार अजून चालवून बघू. मग म्हणाले, बहुतेक कार्डच बदलावं लागंल. मग म्हणाले, शेतातला मका घरात यायचाय, माझ्या तिकिटावर तूच जा आक्कासंगं. तिकिटावर तुमचं नाव आहे, असं मी वैतागून सांगत होतो, तेवढ्यात आक्कानं लसणाची परडी खाली ठेवली.

“माझं भ्याव तं आज गेलं,” ती मला म्हणाली. “यांचं माझ्याहून मोठं हाय. दुसऱ्याच्या हातात गाडी आसली की यांना बसवतच न्हाई. लग्नापासून पाहून राह्यले मी.”

मला आता दाजींचा राग येईना. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि खाली बघत विचारलं, “पायलट कोन हाय, ते तिकिटावर लिव्हेल आसतं का?”

नसतं, मी म्हणालो.

“मंग माणूस जुना आसला म्हंजी बरं,” ते म्हणाले, आणि बॅग काढायला माळ्यावर चढले.

सहाव्या दिवशी मी दोघांना विमानतळावर सोडलं. पुढचं आक्कानं बंगळूरहून फोनवर सांगितलं. विमान उतरायला लागलं तसा दाजींचा उजवा पाय समोरच्या सीटखाली ब्रेक शोधायला लागला. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं ते जीव खाऊन दाबत होते. आजूबाजूची माणसं बघायला लागली. तेव्हा आक्कानं चप्पल काढली, आपला पाय त्यांच्या पायाशेजारी टेकवला आणि विमान थांबेपर्यंत तीही दाबत राहिली.