सलूनवाल्याने मागितलेली वेळ

गावातल्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण कात्री थांबली तरी त्याचं तोंड थांबत नसे. त्याला साखरेचा आजार होता. तपासणीला गेला की आरोग्य केंद्राच्या रांगेतही त्याच्या गप्पा रंगायच्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की केंद्र कसं चालवावं हे पेशंटनाही विचारायचं. बैठकीचं पहिलं बोलावणं अर्थातच त्याला गेलं.

‘अख्खं गाव माझ्या खुर्चीत बसतं,’ तो तिथे ऐटीत म्हणाला. ‘लोकांना काय हवंय ते मला तोंडपाठ आहे. दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा.’

बाईंना पटलं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळचा दवाखाना सुरू झाला. नर्स हजर, औषधं तयार, पण बाकं जवळजवळ रिकामी. कामावरून परतणारे चार-दोन पुरुष तेवढे डोकावून जात.

घरी आल्यावर त्याचा उतरलेला चेहरा पाहून बायकोने विचारलं, ‘अहो, तुमच्या खुर्चीत कधी बाई बसलीय का?’

त्याने नकारार्थी मान हलवली.

‘संध्याकाळी आम्हाला चुलीपुढून उठता येतं का? आणि तिथे नावाबरोबर आजारही मोठ्याने पुकारतात. चारचौघांत कोण सांगेल आपलं दुखणं? मी वर्षभर कंबरदुखी अंगावर काढतेय.’

‘मला बोलली नाहीस.’

‘तुम्ही बोलायचे थांबाल तेव्हा ना.’

तो हसला खरा, पण ते त्याच्या मनाला लागलं. पुढच्या बैठकीला तो तिला घेऊनच गेला. ‘मी अर्ध्याच गावाचं सांगितलं होतं,’ तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. ‘उरलेलं हिला विचारा.’

ती आधी पदराशी चाळा करत बसली. मग शेजारची शिवणकामवाली बोलू लागली, तशी हिलाही कंठ फुटला. बराच ऊहापोह झाला. शेवटी एक संध्याकाळ कामकऱ्यांसाठी राहिली आणि दुसरीऐवजी बायकांसाठी दुपार ठरली. तपासणीच्या टेबलापुढे पडदा लागला. नर्स आता फक्त नाव पुकारायची.

दुपारी बाकं भरू लागली. सलूनवाल्याच्या बायकोला कंबरेचे व्यायाम मिळाले, महिन्याभरात ती पाण्याची बादली सहज उचलू लागली.

आता दोघंही बैठकीला जातात. वाटेत त्यांचं भांडण जुंपतं: त्याला दातांचा डॉक्टर हवाय, तिला रांगेवर सावली. भांडत भांडत दोघं केंद्राच्या दारात कधी पोहोचतात, त्यांनाही कळत नाही.