डाव्या मडगार्डचा खळगा

शुक्रवारी सकाळी कामगारांच्या कॅम्पमधून फोन आला, सदाअण्णा उठत नाहीयेत. मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्यांच्या खोलीवर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कोपऱ्यात बॅग भरून ठेवलेली... तीन वर्षं ती तशीच असायची, त्यामुळे कुणाचं लक्षही गेलं नाही. मलाच तेवढं रडू आलं.

अण्णा कोल्हापूरचे. आमच्या गॅरेजात पत्र्याचं काम त्यांचं, रंगाचं माझं, आणि सोळा वर्षं रोजची भांडणं. तोंडाचा फाटका माणूस, पण हात देवाचे! डोळे मिटून, तळव्याखाली सुती फडकं धरून पत्र्यावरून हात फिरवायचे आणि केसाएवढा उंचवटा सांगायचे.

नव्व्याण्णवमध्ये एका शेखने ती जुनी इटालियन गाडी पाठवली. इंजिन कंपनीचं, पण बॉडी एका डिझायनरने स्वतः आखलेली; एरवी किटल्या, दिवे, खुर्च्या आखणारा माणूस. अशी गाडी जगात एकच. जहाजातून येताना डावं मडगार्ड चेपलं होतं. फोटो नाही, नकाशा नाही. अण्णांनी आमच्या धंद्यात सगळे करतात तेच केलं: उजव्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा काढला आणि उलटा करून डावीकडे लावला. हे झालं की खलास, मी घरी, असं गावी वहिनींनाही कळवून टाकलं.

मडगार्ड झकास झालं, मी रंग मारला. आठवड्याने दिव्यामागे तळहाताएवढा खळगा. ठोकला, तापवला, पुन्हा रंगवला... पुन्हा तिथेच, तेवढाच. मी उन्हाला दोष दिला, अण्णांनी मला. शेवटी तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला. त्यातही तोच खळगा. त्या दिवशी अण्णा भांडले नाहीत. हात मागे घेऊन हळूच म्हणाले, "दिलीप, आतून कुणीतरी दाबतंय रे."

मी हसलो. पण त्यानंतर भर दुपारीसुद्धा त्या गाडीपाशी एकटा थांबलो नाही. राहू दे, चांगली दिसते, असं शेखही म्हणाला. पण अण्णा ऐकतील तर ना! वाकडं काम टाकून गेलो तर घरचं जेवण गोड लागेल का, हे त्यांचं पालुपद. तिकीट तीनदा पुढे ढकललं. वहिनी आधी रागवायच्या, मग रागवायच्याही थांबल्या.

अण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी शेखने मला एक फोटो पाठवला. तो डिझायनरही वारला होता. घर आवरताना त्याच्या मुलीला तो फोटो सापडलेला. नवीकोरी गाडी, डावी बाजू, आणि दिव्यामागे तळहाताएवढा खळगा. गाडीत बसण्याआधी तो तिथे हात टेकवायचा, म्हणून मुद्दाम ठेवलेला. म्हणजे अण्णा तीन वर्षं जे सरळ करत बसले, ते वाकडं नव्हतंच.

मी जाऊन कव्हर काढलं. खळगा होताच. हात ठेवला. गाडी पंधरा दिवस सावलीत उभी, एसी चालू... तरी तेवढाच पत्रा कोमट लागला.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, त्या गाडीचं काम झालं का हो शेवटी?"

फोटो माझ्या खिशात होता. "झालं, वहिनी. अगदी मूळची होती तशी केली अण्णांनी."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "नाहीतर जीव तिथेच अडकून राहिला असता त्यांचा."