हाळी न देता आलेला माणूस

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कोणी सोपवलेलं नाही. मी दुसऱ्या कोणाला बोलू दिलं नाही म्हणून ते माझ्याकडे राहिलं. मुलीला बाळ झालं, बायको मदतीला पुण्याला गेली आणि तिथलीच झाली. पाठोपाठ फोनवर ठराव आला: शहाद्याचं घर विकायचं, मीही नोकरीतून मोकळा झालोच आहे, तर पुण्याला निघून यायचं. मी म्हटलं, मी इथं एकटा राहीन.

बायको म्हणाली, "तुमले एकटं ऱ्हावाले जमाव नही. नळसंगे बोलतस तुम्ही."

मी नळाशीही बोलतो हे खरं होतं, म्हणूनच लागलं. मी जाहीर केलं, की तोरणमाळहून निघून, धडगावकडचे डोंगर ओलांडत, नर्मदेच्या काठापर्यंत एकटा चालत जाईन. पोचलो तर घर राहील; अर्ध्यातून परतलो तर मुकाट्यानं पुण्याला येईन. जावई म्हणाला, "पप्पा, तिकडे जीप जाते." शेजाऱ्यानं सारंगखेड्याच्या यात्रेतून एखादा घोडाच घ्या म्हणून सुचवलं. मग माझ्या पोटाकडे बघून त्याला घोड्याची दया आली असावी. त्यानं विषय बदलला.

सातपुडा मी जन्मापासून पाहतोय. गच्चीवरून. तिथून तो एक निळी रेघ दिसतो. आत शिरल्यावर कळलं, की त्या रेघेत एकामागे एक डोंगर लपलेले आहेत आणि प्रत्येकाशी वेगळा हिशेब करावा लागतो. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. नव्या बुटांनी पहिल्याच उतारावर टाचा सोलल्या. वाटा तर इतक्या, की प्रत्येक वाट खरी वाटावी. एका ठळक वाटेनं मी मोठ्या विश्वासानं उतरलो, तर ती ओढ्यात पाणी पिणाऱ्या म्हशीपाशी संपली. म्हशीनं माझ्याकडे पाहिलं. मीही तिथं बाटली भरून घेतली आणि पुन्हा वर चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खिंडीत आलो आणि थांबलो. खाली सगळी दरी धुक्यानं भरलेली. वर फक्त डोंगरांचे माथे, उन्हात. मी मोठ्यानं म्हणालो, "अगं, बघ!"

बघायला कोणी नव्हतं. पण तोंड एकदा उघडलं ते उघडलं. तिथून पुढे मी बायकोला सगळं सांगत चाललो. ही तूर बघ किती भरली आहे. हा उतार तुला जमला नसता. मलाही जमत नाही, पण तू हसू नकोस. मध्येच तिच्या वतीनं उत्तरंही देत होतो आणि त्यात हरतही होतो.

माणसं मात्र भेटेनात. आमच्या तापीकाठी गाव म्हणजे घराला घर लागलेलं. इथं प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर. मी गाव शोधत होतो आणि सकाळपासून गावातूनच चाललो होतो, हे मला कळत नव्हतं. शेंगा तोडणाऱ्या बायका मला बघून वर निघून गेल्या. एका घराच्या अंगणात मी आमच्याकडे जातात तसा थेट शिरलो, "आहे का कोणी?" म्हणालो. कुत्रं धावून आलं आणि दार आतून लागलं. पुढच्या घरीही तेच. अधूनमधून या डोंगरावरून त्या डोंगरावर लांब हाळी जात होती. मला वाटलं, गुरं बोलावतात.

दुपारी वाटेकडेच्या एका दगडावर पाण्याचे दोन लोटे दिसले. काठोकाठ भरलेले. आसपास चिटपाखरू नाही. मी हाक मारली, थांबलो, मग दोन्ही पिऊन टाकले. पाणी गार होतं. पण देणाऱ्याचं तोंड न दिसता पाणी प्यायलो तेव्हा जे वाटलं, ते बायकोलाही सांगावंसं वाटेना. मी गप्प झालो. फोनला रेंज नव्हती. पायातून रक्त येत होतं. सकाळी जीपरस्ता सापडला तर परत जायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

ऊन कलताना वरच्या टेकडीवरून एका म्हाताऱ्यानं हाळी दिली. मी इकडे तिकडे पाहिलं. त्यानं पुन्हा दिली. गुरं नव्हती, म्हणजे ती माझ्यासाठीच होती. मी हात वर करून ओरडलो, "ओऽऽ!" तेव्हा तो हसत खाली आला.

"भाऊ, आता बोलला," तो म्हणाला. उसाच्या तोडीला गुजरातेत जाऊन आलेला होता, त्याची मराठी तशीच मिसळलेली. "घराला येतात तर लांबून हाळी देतात. घरातून ओ आली की मग येतात. तू तर सरळ आत. आणि बोलत कोणाशी होता? सकाळपासून सगळे डोंगर सांगतात, एक जाडा माणूस येतो, एकटा आहे, पण सोबत कोणी आहे."

"बायकोशी बोलत होतो, बाबा."

त्यानं आवाज खाली आणला. "केव्हा गेली?"

"गेली नाही हो! पुण्याला आहे. नातू सांभाळते."

म्हातारा वळला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून समोरच्या डोंगराला भलीमोठी हाळी दिली. त्यातला 'पुणे' एवढाच शब्द मला कळला. थोड्या वेळानं तिकडून बायकांचं हसू आलं. तेही डोंगर ओलांडत पुढे गेलं.

"ते दोन लोटे?" मी विचारलं.

"एक तिचा. तहान लागते ना."

रात्री त्याच्या घरी भाकरी आणि तुरीच्या शेंगा खाल्ल्या. त्याच्या म्हातारीनं टाचांना तेल लावायला दिलं आणि नवऱ्याकडून मला विचारून घेतलं: बायको जिवंत आहे, बोलते आहे, मग हा इथं काय करतो?

उत्तराला मी फार लांबून सुरुवात केली. ती ऐकता ऐकता झोपली.

पुढे प्रत्येक टेकडीखाली हाळी देत गेलो. प्रत्येक टेकडीनं ओ दिली. काही ठिकाणी लोक हसले, पण पाणी आता हातात दिलं, आणि एकच लोटा. नर्मदेपाशी पोचलो तेव्हा धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत पसरलेलं होतं, काठाला बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे. मी जिंकलो होतो. तिथं बराच वेळ बसलो. बोललो मात्र नाही.

होडीनं, मग जीपनं शहाद्याला आलो. फाटकाशी पोचलो आणि सवयीनं थांबलो. भर दुपारी, कॉलनीत, तोंडाशी हात धरून हाळी दिली. शेजारी गॅलरीत आला, मला बघून हळूच आत गेला. घरातून काही आलं नाही. तरी मी थोडा थांबलो.

मग फोन लावला.

"पोचनात? मंग जिंकनात तुम्ही. कोठे शेतस?"

"फाटकाशी. घर ओ देत नाही."

तिच्या मागे नातवाचं रडणं ऐकू येत होतं. मी दोन लोट्यांपासून सुरुवात केली.

"फोनवर नको," ती म्हणाली. "आठे ई सन सांगा. पहिल्यापासून."

पुण्याची गाडी संध्याकाळची होती. मी बूट काढलेच नाहीत.