हसायला जागा

माझं हसू पोटातून येतं. एकदा निघालं की ते दार-खिडकी काही बघत नाही. माहेरी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत बाया म्हणायच्या, सिनेमाला गेलं की या पोरीला मधोमध बसवा, कुठं हसायचं ते सगळ्यांना आपोआप कळेल. मला बघायला मंडळी आली तेव्हा आईनं एवढंच बजावलं होतं, खाली बघ आणि तोंड मीट. मी मिटलं. पण पाहुण्यांतले एक काका पोहे खाता खाता असे काही शिंकले की बशीतला शेंगदाणा थेट नवरदेवाच्या खिशात जाऊन पडला. झालं, माझं सगळं सोंग उघडं पडलं. आमचे हे पुढं कितीदा तरी सांगायचे, की तिथंच मी तुला पसंत केलं.

तर हे असलं हसू घेऊन मी धरमपेठेत नांदायला आले. वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, त्यात हे, मी आणि सासूबाई. खाली घरमालकीण. आमची जमीन म्हणजे लाकडी फळ्या, आणि त्याच फळ्या म्हणजे तिचं छत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी काहीतरी गंमत सांगितली, मी हसले, आणि पायाखालून ठक ठक असा आवाज आला. मी दचकून सासूबाईंना बिलगले. त्या शांतपणे म्हणाल्या, "भिऊ नको वं. मालकीण हाय. जाळे काढायची काठी हाय तिच्याजवळ. आवाज झाला का ठोकते."

बाई स्वभावानं वाईट नव्हती. बोरांच्या दिवसांत बोरं द्यायची, दुखलंखुपलं विचारायची. पण वर कोणी हसलेलं तिला खपायचं नाही. भांडं पडलं तर चालायचं, खुर्ची सरकली तर चालायची, हसू ऐकू आलं की काठी. मी तोंडात पदर कोंबायला शिकले. हसू आलं की उशी जवळ ओढायची, नाहीतर मोरीत जाऊन नळ सोडायचा. सासूबाईही काही कमी हसऱ्या नव्हत्या. आम्ही दोघी समोरासमोर बसून, तोंडात पदर घालून, डोळ्यांतून पाणी काढत गुपचूप हलत असायचो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर घरात कोणी गेलं की काय, असंच वाटलं असतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एकदा दिवाळीला माहेरी गेले. मावशीनं तिची नेहमीची नक्कल केली, सगळे खो खो हसले. मीही हसले, पण आवाजच आला नाही. नुसते खांदे हलले. आईनं माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "बरं नाही का गं तुला?" मी तिथल्या तिथं भोकाड पसरलं. घरात सणासुदीचा गोंधळ, आणि मी हसू गेलं म्हणून रडत बसलेली. महालातून धरमपेठेत परतताना, रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं की मला या फळ्यांवरून खाली उतरायचंय. मला मातीवरचं घर हवंय, मग ते कुठं का असेना.

त्या काळात नागपुरात जो तो लेआउटच्या गोष्टी करायचा. शहराबाहेरची शेतं घ्यायची, त्यांत रस्ते आखायचे, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबर घातलेले दगड गाडायचे की झाला लेआउट. धरमपेठेत घर घेणं आमच्या सात पिढ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण कळमेश्वरच्या रस्त्याला एका सोसायटीचे प्लॉट आमच्यासारख्यांना झेपतील असे निघाले होते. सदर भागातल्या ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं तिथं नाव घातलं होतं, त्याच्या ओळखीनं आम्हालाही एक प्लॉट मिळत होता. हे एकटे जाऊन बघूनही आले. पैसे भरायला येत्या सोमवारपर्यंतची मुदत होती.

मी तर मनात तिथं तुळससुद्धा लावून टाकली. पण ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माय हो म्हणाली तर घेऊ. नाही म्हणाली तर विषय संपला." आणि माय नाही म्हणाली.

सासूबाई मूळच्या कळमेश्वरपलीकडच्या खेड्यातल्या. जन्म वावरात गेला. वावर म्हणजे शेत. डोक्यावरून विहिरीचं पाणी वाहून वाहून त्यांच्या मानेला कायमचा बाक आला होता. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांना शहरात आणलं, आणि त्या शहरावर अशा काही भाळल्या की विचारू नका. धरमपेठेतली दुकानं, संध्याकाळी ओट्यावर बसून बघायचे येणारे-जाणारे, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे नळ. दर शुक्रवारी त्या नळाला हळदकुंकू वाहायच्या. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा हसू आवरता आवरता जीव गेला होता.

"ज्या रानातून निघाली, त्याच रानात परत नेऊन राहिला का गा मले?" त्यांनी लेकाला विचारलं.

"माय, रान नाही ते. लेआउट हाय."

"वावरात गोटे गाडले म्हून का वावराचं शहर होते? नळ हाय का तिथं?"

"विहीर हाय."

"म्हंजे नळ नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून भाजी निवडायला लागल्या.

मी हात जोडून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी अगदी खरं तेच सांगितलं, "आत्याबाई, मला मोठ्यानं हसावंसं वाटतं हो." त्या म्हणाल्या, "हसून का पोट भरते? पाणी कोण भरन?"

"मी भरीन."

"दोन दिवस भरशील," त्या म्हणाल्या. एक घाव दोन तुकडे.

पण मीही हट्टी. सासूबाईंचं मर्म मला ठाऊक होतं. शहरात आल्यापासून त्यांना मनासारखे रोडगे मिळाले नव्हते. रोडगे म्हणजे आमच्या विदर्भातलं सुख: जाड दळलेल्या कणकेचे, घड्या घालून तेल लावलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वर वांग्याची झणझणीत भाजी. ते स्टोव्हवर होत नाहीत. त्यांना उघडी जमीन लागते आणि धूर लागतो. आमच्या घरी धूर केला असता तर मालकिणीनं काठी वर घुसवलीच असती. शनिवारी मी सहज बोलल्यासारखं बोलले, "उद्या तिकडं रोडग्यांची पार्टी करू. प्लॉट घेऊ नका, फक्त जेवून या."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मले फसवून राहिली का वं?"

"हो," मी म्हटलं.

त्या पदराआड हसल्या आणि गोवऱ्या कुठून आणायच्या ते सांगायला लागल्या.

रविवारी सकाळी कळमेश्वरच्या एसटीत आम्ही चढलो तेव्हा कंडक्टर गोवऱ्यांच्या पोत्याकडे बघतच राहिला. "बाई, हे काय घेऊन राहिल्या?" सासूबाई म्हणाल्या, "सैपाक." त्यानं पोतं टपावर चढवायला लावलं. अर्ध्या रस्त्यात कोणीतरी कुरकुरलं की गाडीत शेणाचा वास येतोय. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "येते खरा," जसं काही त्या पोत्याशी आपला संबंधच नाही. मला इतकं हसू येत होतं की मी समोरच्या सीटचा दांडा दातांत धरला होता.

लेआउट म्हणजे नुसता मोकळा माळ. थंडी सरत आलेली, ऊन कोवळं, दूर एक विहीर आणि मधोमध एक कडुनिंब. बाकी सगळीकडे मातीत अर्धे बुडालेले दगड. हे झपाझप चालत कडुनिंबाशी गेले आणि म्हणाले, "हाच आपला. या झाडाखाली उभा होतो मी." आम्ही सामान टाकलं. नंबर कोण बघतं? शेतकऱ्याच्या पोरानं झाड पाहिलं की जागा ओळखली.

सासूबाईंनी गोवऱ्या रचल्या, विस्तव केला, कणिक मळायला घेतली. मी पदर खोचला आणि सुटे दगड गोळा करून घर आखायला लागले. हे स्वयंपाकघर, ही बैठक, इथं देवघर. सासूबाई बघत नसल्याचं दाखवत होत्या. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "चुलीवर वारा येईन तिथं. पलीकडे घे." मी निमूटपणे दगड पलीकडे नेले. पुन्हा आवाज आला, "देवघर इतकं लहान? देव का उभे राहतीन?" मी देवघर वाढवलं. ह्यांनी मला डोळा मारला. मी हवेत तरंगत होते. विहिरीवरून पाणीही आणलं मी, अर्धं सांडत, गाणं म्हणत.

रोडगे निखाऱ्यांत पुरून झाले आणि तेवढ्यात एक सायकल आली. पुढं मफलरवाले गृहस्थ, कॅरियरवर त्यांची बायको, हँडलला वांग्यांची पिशवी आणि मागं गोवऱ्यांचं गाठोडं. गृहस्थ उतरले, धुराकडे बघितलं आणि म्हणाले, "काहो, आमच्या प्लॉटवर चूल कोणी मांडली?"

हे काही बोलायच्या आत सासूबाई हातात निखाऱ्याचा चिमटा घेऊन उभ्या राहिल्या. कालपर्यंत या जागेला रान म्हणणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं.

"तुमचा? हा माया लेकाचा प्लॉट हाय. या झाडासगट. थे पहा, तिथं चूल हाय, तिथं देवघर हाय. माया नातवाचं बारसं होणार हाय इथं."

नातवाचा अजून पत्तासुद्धा नव्हता. मी लाजून झाडामागं गेले.

"चोर तो चोर, वर शिरजोर," कॅरियरवरची बाई म्हणाली आणि तिनंही पदर खोचला.

शेवटी दोघे पुरुष कोपऱ्यावरच्या दगडाशी गेले. माती खरवडली, नंबर वाचला, एकमेकांकडे पाहिलं. हे परत आले ते कान पकडूनच. सोसायटीच्या माणसानं ह्यांना सावलीत उभं केलं होतं आणि बोट पलीकडे दाखवलं होतं. ह्यांच्या लक्षात झाड राहिलं, बोट राहिलंच नाही. आमचा प्लॉट शेजारचा. त्यावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, काहीच नव्हतं.

मला वाटलं, संपलं सगळं. आता सासूबाई म्हणणार, चला घरी. त्या चिमटा हातात घेऊन उघड्या प्लॉटकडे बघत राहिल्या. मग त्या बाईला म्हणाल्या, "रोडगे निखाऱ्यात हाय. आता काढले तर कच्चे राहतीन."

"मंग काय करावं?" बाईनं विचारलं.

"करावं काय? जेवाले बसा." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "सतरंजी उचल वं. तिकडे आपल्या जागेत टाक. पाव्हण्याले कोणी दुसऱ्याच्या जागेत जेवाले वाढते का?"

आपल्या जागेत. मी ते शब्द ऐकले, पण न ऐकल्यासारखं केलं, कारण तेव्हा त्यांच्याकडे बघितलं असतं तर त्यांनी ते लगेच परत घेतले असते. सतरंजी उचलून पळतच गेले. दुपार कलली होती आणि कडुनिंबाची सावली सरकत आमच्याच बाजूला आली होती. दोन्ही घरची वांगी एकाच पातेल्यात शिजली. सासूबाईंनी रोडगे फोडले, तूप ओतलं, आग्रह करकरून वाढलं. पहिला घास गेल्यावर मफलरवाले जरा मोकळे झाले.

"खरं सांगू का," ते ह्यांना म्हणाले, "तुम्ही काही वाईट वाटून घेऊ नका. आम्ही बी मागच्या महिन्यात तिसऱ्याच्याच प्लॉटवर पार्टी करून गेलो."

"तिथं बी झाड होतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. आम्ही विहीर पाहून बसलो."

झालं. माझ्या पोटातून ते निघालं. दोन वर्षांचं साठलेलं, गडगडत वर आलं आणि फुटलं. शेजारी सासूबाईही फुटल्या. आणि त्याच क्षणी, सवयीनं, आम्ही दोघींनी पदर तोंडात कोंबला आणि जमिनीकडे बघत गप्प झालो. कान देऊन वाट बघायला लागलो.

ती नवराबायको घास हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. "काय झालं?" बाईनं विचारलं.

काठी आली नाही. सासूबाईंनी चिमटा उलटा धरला आणि मातीवर दोनदा आपटला, ठक ठक, आणि मान वाकडी करून ऐकलं. मग त्यांनी माझ्या तोंडातला पदर स्वतःच्या हातानं ओढून काढला.

"हास वं पोरी," त्या म्हणाल्या. "खाली कोणी नाही राहत."

मी हसले. अशी हसले की विहिरीवरचे पक्षी उडाले. सासूबाई हसल्या, शेजारीण हसली, आणि मफलरवाल्यांना ठसका लागला. त्या गोंधळात हे मोठ्यानं विचारत होते, "माय, मंग उद्या पैसे भरू का वं?" सासूबाईंना हसण्यातून बोलता येईना. त्यांनी एका हातानं डोळे पुसले, दुसऱ्या हातानं माझ्याकडे आणि विहिरीकडे बोट दाखवलं, आणि होकाराची मान डोलावली.