लक्ष्मम्माच्या दारातला सडा

शिवांजली अर्थशास्त्री आहे, म्हातारपणाची. आता म्हातारपणात कसलं आलंय अर्थशास्त्र, असं नळदुर्गच्या बाजारात कुणीही विचारील! पण गावाकडं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बघायचं कुणी, सरकारनं त्यासाठी काय करायचं, हे पुण्यात बसून सुचवायचं तिचं काम. धाराशिवच्या कॉलेजातून निघालेली ही पोरगी, तिचा अहवाल थेट मंत्रालयात गेला. नाव लई झालं.

त्या अहवालाचा सगळा भार एका साध्या गोष्टीवर होता. खेड्यात सकाळी दारात सडा पडतो. म्हातारीनं वाकून सडा टाकला, म्हणजे ती धडधाकट. न्हाय टाकला, तर शेजारी कडी वाजवतात. शिवांजलीनं गावोगाव फिरून हे पाहिलं अन् लिहून दिलं, की पगारी माणूस नेमायची गरज नाही, शेजार पुरतो. सरकारला आणखी काय हवं होतं! पगारी बायांची योजना तिथंच बारगळली.

तिची स्वतःची आई लक्ष्मम्मा नळदुर्गजवळच्या गावात एकटीच राहायची. हट्टी म्हणजे किती! "ज्या दिवशी तुला सडा टाकता येणार नाही, त्या दिवशी पुण्याला उचलून नेईन," असं लेक तिला लाडानं दटावायची.

त्या दिवशी शिवांजली याच विषयावर बोलायला सोलापूरला आली होती. सकाळपासून आई फोन उचलत नव्हती. तिनं शेजारच्या रेवणप्पांना फोन लावला.

"काका, अव्वा फोन उचलंना. जरा बघता का?"

"मी शेतात हाय, पोरी. पण निघताना बघितलं की, दारात सडा पडलाय. काळजी करू नगंस."

हुश्श! शिवांजली घोटभर पाणी प्याली अन् भाषणाच्या तयारीला लागली. तेवढ्यात रेवणप्पांचाच फोन परत आला. आवाज पडलेला.

"पोरी, आत्ता आमच्या घरातनं कळलं. सडा आमची मंडळीच टाकती, दिवाळीपासनं. अक्काला वाकता येत न्हाय. कुणाला सांगू नको म्हणून अक्कानं तिला शपथ घातली व्हती. मी निघालोय घराकडं."

भाषण गेलं खड्ड्यात. गाडी हायवेला लागली. पुढं ट्रकच ट्रक, अन् हिच्या मनात नको नको ते. अव्वा पडली असंल. कधी पडली असंल? त्या भीतीत आणखी एक भीती शिरली. गावोगावच्या म्हाताऱ्या तिला ठसक्यात सांगायच्या, "माझं म्या करते सगळं." त्यांच्या दारातला सडा कोण टाकत होतं? हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा रेवणप्पा मागल्या दारानं आत शिरले होते. लक्ष्मम्मा न्हाणीपाशी पडलेली, ओठ सुकलेले, पाय वाकडा म्हणून त्यांनी तिला हलवलं नव्हतं. पण जीव होता. "अव्वा!" म्हणत शिवांजली धावली अन् तिला उचलायला तिनं हात पुढं केले.

म्हातारीनं अंग चोरलं. न्हाणीचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला. लेकीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. रेवणप्पांना म्हणाली, "हिला सांग रं बाबा, मी बरी हाय. पुण्याला न्हेऊ नको म्हण."