आईंनी स्वतः पाहून घेतलेली खोली

तळासरीतल्या आमच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप लावून मी शाळेत जायला लागले, ते २०१७च्या पावसाळ्यानंतर. आत सासूबाई असायच्या, मी त्यांना आई म्हणते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा डावा हात आणि पाय लुळे पडले होते. भिंतीच्या आधाराने त्या संडासापर्यंत कशाबशा जायच्या. सांभाळायला ठेवलेली बाई सोडून गेली, दुसरीही टिकली नाही. नवऱ्याची वापीच्या कारखान्यात पाळी, माझी जिल्हा परिषदेची शाळा. दार उघडं राहिलं तर त्या जिन्यावर येतील आणि पडतील अशी भीती वाटायची, म्हणून कुलूप.

एका दुपारी शाळेतून परतले तर दारासमोर शेजारणी गोळा झालेल्या. आतून आईंचा आवाज येत होता. बराच वेळ हाका मारत होत्या म्हणे. दार उघडलं तेव्हा त्या संडासाच्या उंबऱ्यात बसलेल्या दिसल्या, लुगडं खराब झालेलं. माझ्या खांद्यावरून शेजारणी आत डोकावत होत्या. आई ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि हळूच म्हणाल्या, "आधी दार लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होतो. वृद्धांना सांभाळणाऱ्या एखाद्या घरात त्यांना ठेवायचं का, असं. तो शब्द तोंडातून काढायलाही आम्हाला जड जात होतं.

"कुजबुजू नका," आतून आई म्हणाल्या. "माझी जागा बघताय ना? मग मला घेऊन चला. मी जन्मभर वांगी विकली. गिऱ्हाईक उलटून-पालटून बघितल्याशिवाय एक वांगं घेत नव्हतं."

वाढवणच्या वाडीतली भाजी डोक्यावर घेऊन त्या डहाणूच्या बाजारात बसत. सासरे गेल्यावर त्यावरच त्यांनी दोन मुलगे वाढवले. धाकटा सुरतला, मोठा माझा नवरा. त्या दिवशी माझा नवरा मान खाली घालून चहाचा कप विसळत राहिला, स्वच्छ झाला तरी विसळत राहिला.

पहिली जागा हायवेजवळ होती. एका हॉलमध्ये खाटांच्या रांगा, मोठ्याने लावलेला टीव्ही आणि त्याच्याकडे न बघणारी माणसं. आई दारातूनच म्हणाल्या, "चल." दुसरी डहाणूजवळ, चिकूच्या वाडीतलं बैठं घर. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई ते चालवायच्या. राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नर्सबाई मला जेवणाचं, डॉक्टरांचं सांगत होत्या. आई मात्र ओट्यावर बसलेल्या एका गुजराती म्हातारीकडे गेल्या. बाजारातल्या गिऱ्हाइकांमुळे त्यांना गुजराती चांगलं येई. सकाळी हाक मारल्यावर सांभाळणारे येतात की बसवून ठेवतात, असं त्यांनी तिला सरळ विचारलं.

"बूम पाडो तो तरत आवे छे," ती म्हणाली, म्हणजे हाक मारली की लगेच येतात. "पण बपोरे सूई जाय छे."

आई हसल्या. "दुपारी झोपतात म्हणजे माणसंच आहेत." मग संडासात जाऊन त्यांनी भिंतीवरचा दांडा उजव्या हाताने हिसडून बघितला. बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "इथे ठेव." तो वाडीत निघून गेला. परतला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

आई तिकडे राहायला गेल्या आणि शाळेत मी सांगितलं, "सासूबाई सुरतला दिरांकडे गेल्यात." कोणी फार विचारलंही नव्हतं. माझ्याच तोंडून ते पटकन निघून गेलं, आणि मग दर वेळी त्यात भर पडत गेली. सुरतची हवा त्यांना मानवते. नातवंडांत रमल्यात.

एका रविवारी मी आईंच्या केसांना तेल लावत ओट्यावर बसले होते. फाटकातून माझ्या शाळेतल्याच एक बाई आत आल्या. नर्सबाई त्यांच्या लांबच्या नात्यातल्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या होत्या. आधी त्यांनी मला पाहिलं, मग आईंना. एकदा आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या असल्यामुळे त्या आईंना ओळखत होत्या.

"अय्या, तुम्ही इथे? तुम्ही तर सुरतला धाकट्या मुलाकडे होतात ना?"

माझा तेलाचा हात तसाच राहिला. आईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"होते की. परवाच आले," त्या म्हणाल्या. "पायाला शेक द्यायचाय, म्हणून या बाईंकडे थोडे दिवस. सून दर रविवारी येते. आता घरी चला म्हणून मागेच लागलीये."

बाई आत गेल्या. मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "तेल लाव, हात का थांबला?" मी लावत राहिले. त्या पाठमोऱ्या होत्या हे बरं होतं. माझ्यासाठी त्या इतक्या सहज खोटं बोलल्या होत्या, जशी बाजारात मापाला चार वांगी जास्त टाकत असतील.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये खरं सांगून टाकलं. सासूबाई सुरतला कधी गेल्याच नव्हत्या, आम्हीच त्यांना तिथे ठेवलंय. पत्रिकावाल्या बाई डब्याचं झाकण लावत राहिल्या. पुढच्या रविवारी हे आईंना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या.

"मी झाकलं ते तू उघडायला गेलीस! आता म्हणतील सुनेने काढलं. मुलाला कोणी नावं ठेवणार नाही, तुलाच ठेवतील. एवढी शिकलीस, हे कळत नाही?"

त्यांची माफी मागायची म्हणून मी गेले होते. ती मागायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

२०१८च्या हिवाळ्यात आमच्या भागात जमीन हादरायला लागली. पहिला मोठा धक्का बसला तेव्हा मी भाकरी तव्यावर तशीच टाकून जिना उतरले. नवरा कामावर होता. इमारतीतले सगळे रस्त्यावर जमले होते. तिथे उभी असताना माझ्या मनात आलं, बरं झालं, आई वर नाहीत. आणि लगेच आलं, त्या वर असत्या तर मी थांबले असते का? मला छातीवर हात ठेवून हो म्हणता येईना.

संध्याकाळी नर्सबाईंच्या फोनवरून आईंचाच आवाज आला. "त्या माडीवर राहू नका. अंथरूण-पांघरूण घ्या आणि इकडे या. इथे अंगण मोकळं आहे."

आम्ही गेलो. धक्के चालू होते तोवर बरेच दिवस शाळा-कारखाना आटपून आम्ही मुक्कामाला तिकडेच जात होतो. आई खुर्चीत बसून कोणी कुठे झोपायचं ते काठीने दाखवत. मुलाला मच्छर चावतात, त्याला चादर जाड द्या, असं नर्सबाईंना सांगत. त्या गुजराती म्हातारीने आम्ही कोण म्हणून विचारलं तेव्हा मी खाली बघून उशीची खोळ चढवू लागले.

आईंनी ताठ बसत तिला सांगितलं, "मारो दीकरो ने वहू. मारे त्यां रहेवा आव्यां छे."

माझा मुलगा आणि सून, माझ्याकडे राहायला आलीत.